तीसची पाटी

आमच्या गाडीने ताशी ८० किलोमीटरचा वेग ओलांडला की तिच्यातून थोड्या थोड्या वेळाने बारीक टिंग-टिंग असा आवाज येऊ लागतो आणि १२० ओलांडले की तो थांबायचे नावच घेत नाही. जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या नव्या मोटारींत ही सूचना सक्तीची झाली असल्यामुळे हा काही आमच्याच गाडीचा विशेष नाही. अडचण एवढीच की त्या यंत्राला रस्ता कळत नाही. गावातून जाणाऱ्या दुपदरी रस्त्यावर ७५ ने जाताना, म्हणजे खऱ्या अर्थाने नियम मोडत असताना, ते गप्प बसते. आणि समृद्धी महामार्गावर ११० ने, म्हणजे पूर्ण कायदेशीरपणे जाताना, मात्र ते आपल्याला सतत गुन्हेगार ठरवत राहते. गेल्या काही वर्षांत नागपूरहून तीन वेगवेगळ्या दिशांना आमच्या नियमित फेऱ्या सुरू झाल्या आहेत. ताई कारंज्याला, मुलगी शिक्षणासाठी हैदराबादला आणि सासुरवाडी शिवनीला, अशी ती विभागणी आहे. या तिन्ही रस्त्यांवर वेगमर्यादेचा आकडा जेवढ्या वेळा आणि ज्या तऱ्हेने बदलतो, त्याकडे मी आधी वैतागून आणि नंतर कुतूहलाने पाहू लागलो. आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे वेग या शब्दाशी माझे जुने नाते आहे, पण तो फळ्यावरचा वेग होता.

कुतूहलाचे कारण प्रामाणिकपणे सांगायचे तर एक चालान आहे. शहराबाहेरच्या एका चौपदरी रस्त्यावर आमची गाडी ७८ ने गेली आणि तेथे ६० ची मर्यादा होती, असा संदेश छायाचित्रासह मोबाईलवर आला. छायाचित्रात गाडी आमचीच होती, वेगही खोटा नसावा. मला बोचली ती निराळीच गोष्ट. त्याच रस्त्यावर चार किलोमीटर अलीकडे मी ९० ने जात होतो आणि ते नियमात बसत होते. मधल्या चार किलोमीटरांत रस्त्याची रुंदी तीच, दुभाजक तोच, डांबरही तेच होते. बदलला होता फक्त आकडा, आणि तो सांगणारी पाटी एका वाढलेल्या बाभळीच्या मागे होती, हे मी पुढच्या फेरीत मुद्दाम थांबून पाहून घेतले.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ११२ हे या सगळ्याचे मूळ आहे. त्याची मांडणी दुहेरी आहे. प्रत्येक प्रकारच्या वाहनासाठी कमाल वेग केंद्र सरकार ठरवते, आणि सार्वजनिक सुरक्षिततेसाठी, सोयीसाठी किंवा एखाद्या रस्त्याच्या अथवा पुलाच्या स्वरूपामुळे आवश्यक वाटल्यास राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी तो कमी करू शकतो. म्हणजे केंद्र छत बांधते आणि राज्य त्या छताखाली आपापले माळे घालते. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटारीसाठी द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून रुंद रस्त्यावर १००, आणि महापालिकेच्या हद्दीतील व इतर सर्व रस्त्यांवर ७० अशी मर्यादा आहे. मालवाहू वाहनांना द्रुतगती मार्गावरसुद्धा ८० च्या पुढे जाता येत नाही. पुढे २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हीच अधिसूचना रद्द ठरवली. रस्ते आणि इंजिने सुधारली आहेत म्हणून वेग वाढवला, हे केंद्राचे म्हणणे न्यायालयाला पटले नाही; वेगाबरोबर मरणारेही वाढतात, असा त्याचा रोख होता. तरीही पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या समृद्धीवर मोटारींसाठी १२० च्याच पाट्या लागल्या.

अधिसूचनेच्या या तक्त्यातील एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यात ‘राष्ट्रीय महामार्ग’ असा रकानाच नाही. रस्त्याचा क्रमांक काय, तो दिल्लीचा की जिल्हा परिषदेचा, याच्याशी वेगमर्यादेचा संबंध जोडलेला नसून मधोमध दुभाजक आहे की नाही आणि पदर किती आहेत, याच्याशी तो जोडलेला आहे. त्यामुळे राष्ट्रीय महामार्गाची दिमाखदार पाटी मिरवणाऱ्या दुपदरी रस्त्यावर मर्यादा ७० च राहते आणि चौपदरी झालेल्या एखाद्या राज्यमार्गावर ती १०० होते. नागपूरकरांना तर महामार्गांच्या क्रमांकांचा अभिमान जरा अधिकच असतो. उत्तर-दक्षिण जाणारा ४४ क्रमांकाचा आणि पूर्व-पश्चिम जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग आपल्याच गावात एकमेकांना भेटतात, झिरो माईलचा दगड आपल्याच गावात आहे, वगैरे. माझ्या पिढीच्या तोंडी अजूनही ‘सात नंबर’ आणि ‘सहा नंबर’ हेच जुने आकडे आहेत. पण वेगाच्या हिशेबात या क्रमांकांना शून्य किंमत आहे.

कारंज्याला जाण्याचा जुना रस्ता वाडी, बाजारगाव, कोंढाळी, तळेगाव, तिवसा, मोझरी असे करत अमरावती गाठतो आणि बडनेऱ्यावरून पुढे सरकतो. त्या रस्त्यावर वेग पाटी ठरवत नसे, गावे ठरवत. कोंढाळीला चहा, तळेगावला एसटीची गर्दी, मोझरीला गुरुकुंजाकडे वळणारी माणसे, अशा क्रमाने पाय आपोआप ब्रेकवर जाई. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि आम्ही शिवमडक्याहून समृद्धीवर चढू लागलो. जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा तो रस्ता पूर्ण झाला. त्यावर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना प्रवेश नाही, आडवे येणारे चौक नाहीत, गाव नाही, चहा तर नाहीच. आमच्या भाऊजींच्या भाषेत तो ‘दीडशेचा रस्ता’ आहे, आणि येथेच मोठा घोळ आहे.

सपाट प्रदेशात समृद्धीची रचना ताशी १५० किलोमीटर वेग गृहीत धरून केलेली आहे, हे खरे. पण रचनेचा वेग आणि परवानगीचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रचनेचा वेग हा अभियंत्याचा आकडा आहे. वळणाची त्रिज्या किती ठेवायची, वळणावर रस्त्याची बाहेरची कड किती उचलायची, चढावरून पलीकडचे किती अंतर दिसले पाहिजे, हे त्या आकड्यावरून ठरते. परवानगीचा वेग हा कायद्याचा आकडा आहे, आणि त्यात टायर, चालकाचे डोळे, शेजारून ८० ने जाणारा ट्रक, पाऊस आणि रस्त्यावर अचानक आलेले रानडुक्कर या सगळ्यांचा हिशेब धरावा लागतो. पुलावर दहा टनांची पाटी असली म्हणजे तो अकराव्या टनाला कोसळतो असे नाही; आणि तो कोसळत नाही म्हणून अकरा टन न्यावेत असेही नाही. मी हे भाऊजींना जेवणाच्या पानावर सांगितले तेव्हा त्यांनी, “मास्तर, मग दीडशेचा खर्च कायले केला?” असे विचारले. प्रश्न दिसतो तितका खुळा नाही. त्याचे उत्तर असे की हातात राखून ठेवलेला तो ३० चा फरक म्हणजेच सुरक्षितता, आणि ती रस्ता बांधतानाच विकत घ्यावी लागते.

आता फळ्यावरचा हिशेब थोडा मांडतो, कारण त्याशिवाय आकड्यांतला फरक केवळ सरकारी लहर वाटतो. ताशी ८० म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर, १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत रस्त्यांचे अभियंते अडीच सेकंद धरतात. म्हणजे १२० च्या वेगात ब्रेक लागण्याआधीच गाडी ८३ मीटर पुढे गेलेली असते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत थांबण्यासाठी लागणारे दृष्टिअंतर ५० च्या वेगाला ६० मीटर, ८० ला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर असे दिले आहे. ५० वरून १०० वर, म्हणजे वेग दुप्पट झाला तर अंतर तिप्पट होते, कारण ब्रेक लागण्याआधीचे अंतर दुप्पटच होत असले तरी ब्रेक लागल्यानंतरचे अंतर सुमारे चौपट होते; गाडीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० वरून १२० वर जाताना वेग दीडपट होतो, पण आदळण्याची ऊर्जा सव्वादोनपट होते. हे समीकरण मी तीस वर्षे शिकवले आणि तरीही १२० ने जाताना ते पोटात जाणवत नाही, हे कबूल केले पाहिजे. सरळ, रुंद आणि रिकाम्या रस्त्यावर डोळ्यांना मोजायला काहीच सापडत नाही. झाडे दूर, माणसे नाहीत, समोरून कोणी येत नाही. तासाभराने ११० सुद्धा ७० सारखे वाटू लागते आणि मन अर्धवट झोपेत जाते. त्याला ‘महामार्ग संमोहन’ असे म्हणतात. हा रस्ता सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली होती. विदर्भातल्या मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटवर झिजलेले किंवा प्रमाणाबाहेर हवा भरलेले टायर १२० ने पळवणे हा काय प्रकार आहे, हे येथल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, इगतपुरीच्या डोंगराळ भागात, रचनेचा वेगच १०० वर येतो. तेथे आकडा का उतरला हे विचारावे लागत नाही. डोंगर आणि बोगदे समोर दिसत असतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही सपाटीवर मोटारींना १०० आणि बोरघाटात त्याहून बराच कमी वेग असतो, आणि त्याबद्दलही कोणी फारशी तक्रार करत नाही. अटल सेतूवर मोटारींना १०० ची परवानगी आहे, पण चढताना आणि उतरताना ती ४० आहे. कारण डोळ्यांना दिसत असले की माणूस आकडा निमूटपणे मान्य करतो. माझी तक्रार आकडा बदलण्याबद्दल नाहीच. तो बदललाच पाहिजे. तक्रार आहे ती न दिसणाऱ्या कारणाबद्दल, आणि त्याहून अधिक संपलेल्या कारणाबद्दल.

शिवनीचा रस्ता या दृष्टीने शिकण्यासारखा आहे. मनसर सोडले, देवलापार मागे पडले की ४४ क्रमांकाचा महामार्ग पेंचच्या जंगलात शिरतो आणि खवासापाशी मध्य प्रदेशात जातो. हा रस्ता चौपदरी करायचा म्हटल्यावर वाघांचे काय, हा प्रश्न अनेक वर्षे न्यायालयात होता. शेवटी महाराष्ट्राच्या बाजूला वन्यप्राण्यांसाठी रस्त्याखालून जाणारे नऊ मार्ग बांधले गेले आणि त्यांतला सर्वांत रुंद ७५० मीटरचा आहे. पलीकडे शिवनीच्या बाजूला रस्त्याच्या कडेने आवाज आणि दिव्यांचा झोत अडवणाऱ्या भिंतीही उभ्या आहेत. गाड्या वरून जातात आणि जनावरे खालून. जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर एरवी एकच उपाय हाती असतो, तो म्हणजे वेग कमी करण्याची पाटी लावणे आणि चालकाच्या सद्बुद्धीवर भरवसा ठेवणे. येथे तो भरवसा ठेवलाच नाही, त्याऐवजी काँक्रीट ओतले. खर्च अफाट झाला, पण त्या खालच्या मार्गांतून फिरणाऱ्या वाघांची छायाचित्रे कॅमेऱ्यांनी टिपली आहेत. ज्या जंगलरस्त्यांना असे पूल मिळालेले नाहीत, तेथे मात्र ४० ची पाटी हेच एकमेव संरक्षण आहे, आणि रात्री दहानंतर त्या पाटीला कोण विचारतो हे आपण सगळे जाणतो.

हैदराबादच्या रस्त्यावर निराळा अनुभव येतो. बुटीबोरी, हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा, पाटणबोरी आणि मग पैनगंगा ओलांडली की तेलंगण. महामार्ग तोच, क्रमांक तोच आणि केंद्राचे छतही तेच. पण पाट्यांची लिपी बदलते आणि आकड्यांची सवयही बदलते. पाचशे किलोमीटर गेल्यावर हैदराबादच्या बाह्यवळण मार्गावर शिरले की मर्यादा १२० होते. २०२३ मध्ये ती १०० वरून वाढवली गेली आणि तीही पदरांची वाटणी करून, म्हणजे उजवीकडचे पदर वेगाने जाणाऱ्यांसाठी आणि डावीकडचे ८० च्या आतल्यांसाठी. त्याच वर्षी केरळने सहापदरी राष्ट्रीय महामार्गावर मोटारींची मर्यादा ९५ वरून ११० केली आणि दुचाकींची मात्र ७० वरून ६० वर आणली. ज्याच्याभोवती पत्र्याचे कवच आहे त्याला वाढवून आणि ज्याच्याभोवती काहीच नाही त्याला घटवून देण्याचा हा विचार मला पटतो.

या प्रवासात आम्ही बहुधा चालक बरोबर घेतो, कारण माझे डोळे आता रात्रीच्या झोतापुढे टिकत नाहीत. ते गृहस्थ मूळचे हिंगणघाटकडचे, वीस वर्षे ट्रक चालवलेले आणि अत्यंत सावध आहेत. एकदा मी त्यांना पाटीवर लिहिलेल्या ३० च्याच वेगाने चला, असे आग्रहाने सांगितले. त्यांनी आरशात पाहिले आणि म्हणाले, “साहेब, पाटीवर चाललो तर मागचा ट्रक आपल्याले सोबत घेऊन जाईन.” मी मागे वळून पाहिले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. सगळे ८० ने जात असताना एकट्याने ३० ने जाणे हाच तेथे सर्वांत धोक्याचा वेग होता. रस्त्यांच्या अभ्यासकांकडे म्हणूनच एक जुनी रीत आहे. मोकळ्या रस्त्यावर शंभरांतील पंच्याऐंशी वाहने ज्या वेगाच्या आत जातात तो वेग मोजायचा आणि मर्यादा ठरवताना त्याचा विचार करायचा. ती रीत आंधळेपणाने वापरावी असे मी म्हणणार नाही. आपल्याकडचे पंच्याऐंशी लोक कोठे किती वेगाने जातील याचा नेम नाही. पण लोक ८० ने जाणाऱ्या रस्त्यावर ३० लिहायचे असेल, तर रस्ताही ३० चा दिसेल असे काही करावे लागते. तो अरुंद करावा लागतो, रंबल पट्ट्या घालाव्या लागतात, पायी ओलांडणाऱ्यांची जागा ठळक करावी लागते. नुसता रंग लावलेला पत्रा ते काम करत नाही.

माझा एक पुतण्या टेक्सासमध्ये आहे. तेथे ऑस्टिनजवळच्या एका टोलरस्त्यावर ताशी ८५ मैलांची, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटरची मर्यादा आहे, असे तो अभिमानाने सांगतो. त्याच देशात १९७४ मध्ये तेलटंचाईमुळे सर्व राज्यांवर ५५ मैलांची मर्यादा लादली गेली होती. १९९५ मध्ये केंद्राचे बंधन पूर्ण उठले आणि राज्ये आपापल्या मार्गाने गेली. जर्मनीच्या ऑटोबानवर अनेक टप्प्यांत सक्तीची मर्यादा नाही, १३० ची केवळ शिफारस आहे. फ्रान्समध्ये मोटारमार्गावर कोरड्या दिवशी १३० आणि पावसात ११०. नेदरलँड्सने २०२० मध्ये हवेतील नायट्रोजन कमी करण्यासाठी दिवसाची मर्यादा १०० वर आणली आणि रात्री काही टप्प्यांत जास्त ठेवली. आपल्याकडेही यमुना द्रुतगती मार्गावर हिवाळ्यातील धुक्याच्या दिवसांत मर्यादा खाली येते. तेल, पाऊस, धूर, धुके अशी कारणे निरनिराळी असली तरी यातले कोणतेही एका वाक्यात सांगता येते. माझ्या बाभळीमागच्या ६० चे कारण मात्र मी चार ठिकाणी विचारूनही मला कोणी सांगू शकले नाही.

त्या निमित्ताने कायदा पुन्हा वाचला तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. पहिली अशी की कलम ११२ नुसार राज्याला वेग कमी करायचा असेल तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि रस्त्यावर योग्य चिन्हही उभारावे लागते. यांतले एकच करून भागत नाही. फक्त जो निर्बंध एका महिन्यापेक्षा अधिक काळ राहणार नसेल, त्यासाठी अधिसूचनेची गरज नाही. दुसरी गोष्ट ऑगस्ट २०२१ च्या नियमांतली. ज्या टप्प्यावर कॅमेऱ्याने पाळत ठेवली जाते, तेथे तशी सूचना देणारी पाटी ठळकपणे लावली पाहिजे आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाठवली पाहिजे. माझे चालान पंधरा दिवसांत आले होते. ते मी भरूनही टाकले, कारण ७८ ने जात होतो हे खरेच होते आणि बाभूळ हा बचाव म्हणून मला जरा लाजिरवाणा वाटला.

एका महिन्याच्या त्या सवलतीवर मात्र मी अजून अडलेलो आहे. आपल्या भागात कोठेही पुलाचे किंवा रुंदीकरणाचे काम निघाले की ३० ची पाटी लागते. ती योग्यच असते. मजूर रस्त्यावर असतात, वळण तात्पुरते असते, खडी पसरलेली असते. काम सहा महिन्यांनी संपते, मजूर जातात, खडी जाते, नवा गुळगुळीत रस्ता खुला होतो आणि पाटी तेथेच राहते. मागे अधिसूचना नाही आणि पुढे कारण नाही, असा तो आकडा रोज हजारो चालकांना दिसतो आणि रोज हजारदा मोडला जातो. पुढच्या गावाच्या शाळेजवळ जेव्हा खरोखरच ३० ची गरज असते, तेव्हा तीच पांढरी चकती, तेच लाल कडे आणि तोच आकडा पाहून कोणाचाही पाय ब्रेकवर जात नाही, कारण पाच किलोमीटर अलीकडच्या पाटीने त्या आकड्याची पत घालवलेली असते. रस्ता सुरक्षिततेचे मानक न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवले तर रस्ता बांधणाऱ्यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे. शिळ्या पाटीमुळे झालेला अपघात त्यात कसा सिद्ध करायचा, हा प्रश्न मी एका वकील स्नेह्याला विचारला तेव्हा ते नुसते हसले.

वेळेचा हिशेबही एकदा करून पाहिला. नागपूर ते हिंगणघाट हे सुमारे ७५ किलोमीटरचे अंतर १०० ने ४५ मिनिटांत आणि ८० ने ५६ मिनिटांत कापता येते. म्हणजे संपूर्ण वाट मोकळी मिळाली तरी वाचतात अकरा मिनिटे. ती आम्ही जांबच्या चौकात चहाला घालवतो.

मागच्या रविवारी त्या रस्त्याने परतताना एका जुन्या ३० च्या पाटीजवळ मी गाडी थांबवायला सांगितली. दोन वर्षांपूर्वी संपलेल्या कामाची ती पाटी एका बाजूला कलली होती आणि तिच्यावर कोणीतरी नव्या लेआउटमधल्या प्लॉटविक्रीची जाहिरात चिकटवली होती. जाहिरातीखाली शून्य पूर्ण झाकले गेले होते आणि तीन तेवढा स्पष्ट दिसत होता. चालकांनी खिडकीतून डोके बाहेर काढून तो वाचला आणि म्हणाले, “आता तर उतरून ढकलाच लागते, साहेब.”